बातम्या झोपवणारे सासरे

माझा धंदा चष्म्यांचा. लोकांना काय दिसत नाही यावर माझं पोट चालतं, त्यामुळे सासऱ्यांविषयी लिहायला आमच्या घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही. खरं तर लिहिणारी माझी बायको. ती बातमीदार आहे. पण तिचं लिहिलेलं टिकत नाही, आणि का टिकत नाही तेच सांगायला बसलोय.

सासरे शहरातल्या सगळ्यांत जुन्या वर्तमानपत्रात होते. उमेदीच्या काळात ते मथळे द्यायचे, आणि बरे द्यायचे असं म्हणतात. पुढे वर्तमानपत्र कागदावरून मोबाइलवर उतरलं, निम्मी माणसं घरी गेली आणि सासऱ्यांना बढती मिळाली. पद भारदस्त होतं: मजकूर व्यवस्थापन प्रमुख. हाताखाली कुणीच नव्हतं, म्हणून भांडायलाही कुणी नव्हतं. काम एकच. वेबसाइटवर चढलेली बातमी, वरून फोन आला की उतरवायची. कचेरीत याला 'झोपवणं' म्हणत. 'काढणं' म्हटलं की काहीतरी लपवल्यासारखं वाटतं, आणि 'दडपणं' हा तर विरोधकांचा शब्द. झोपवण्यात कशी माया आहे. सहकारी त्यांना पाठीमागे 'पुसणीस' म्हणायचे. एखाद्या दरबारात चिटणीस असतात, फडणीस असतात, तसे हे पुसणीस. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. नाव घरंदाज वाटतं म्हणून थोडे सुखावलेच.

कुणी असं समजू नये की आमच्या शहरात बातमीवर बंदी आहे. छे, बंदी मागासलेल्या लोकांत असते. आमच्याकडे विनंती असते. महापौरांच्या कचेरीतून मालकांना विनंती होते, मालक ती संपादकांना करतात आणि संपादक सासऱ्यांना फोन करतात. या फोनवर बातमीचं नाव कधी उच्चारायचं नाही, फक्त नंबर. वेबसाइटवरच्या प्रत्येक बातमीला नंबर असतो. "अमुक नंबर झोपवा," एवढं बोलून फोन ठेवायचा. सासरे नंबर टाकायचे, बटण दाबायचे आणि चहा प्यायचे. ती बातमी ज्यांनी वाचली त्यांनी वाचली. बाकीच्यांना 'हे पान सापडत नाही' असं लिहिलेलं दिसे, आणि शेजारी दातांच्या पेस्टची जाहिरात.

सासऱ्यांची एक निष्ठा होती, आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. झोपवायची बातमी ते कधीही वाचत नसत.

"वाचलं की मत होतं," ते मला समजावायचे, "आणि मत झालं की हात थरथरतो. पोस्टमन पत्र उघडून बघतो का?"

"पण बाबा, पोस्टमन पत्र पोचवतो," मी एकदा म्हणालो.

"तपशिलात शिरू नका, जावईबापू."

वर्षानुवर्षं हेच चाललं. गाढवानं शेत खाल्लं, ना पाप ना पुण्य. वाचायचा चष्मा मी त्यांना स्वतः करून दिला होता, चांगल्या काचांचा. तो घरात टीव्हीखालच्या खणात पडून असायचा. कचेरीत त्याची गरजच नाही, म्हणायचे. नंबर मोठ्या आकड्यांत दिसतात.

त्यांच्या संपादकांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. मनुष्य विद्वान. लेखणीच्या स्वातंत्र्यावर बोलावं तर त्यांनीच. परिसंवाद कुठेही असो, यांची खुर्ची मधोमध. बातमी उतरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे मुद्दाम घेतला नव्हता, बटण कुठे आहे हेसुद्धा पाहून ठेवलं नव्हतं. पासवर्ड एकट्या सासऱ्यांकडे. का, तर भर सभेत कुणी विचारलंच तर छातीवर हात ठेवून सांगता यावं, "मी आजवर एकही बातमी उतरवलेली नाही." आणि ते तसं सांगायचेही, आणि टाळ्याही घ्यायचे.

आता आली का पंचाईत, की माझी बायको याच वर्तमानपत्रात. बापाची बदली होईना आणि मुलीला दुसरीकडे कुणी घेईना. तिच्या काही बातम्या पूर्वी झोपल्या होत्या. कुणाच्या हातून, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण सासूबाईंनी घरात नियम घालून दिला होता: कचेरी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची. त्यामुळे रविवारी जेवायला बसलं की बाप आणि लेक एकमेकांना वाढायचे, आणि मी मधे बसून उकाड्याविषयी बोलायचो. हिवाळ्यातसुद्धा.

सासूबाईंच्या मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस दुपारच्या पाळीला महापालिकेच्या इस्पितळात जायचं. चार तास खुर्चीत बसायचं, मशीन रक्त धुऊन परत देतं. या मशीनला पाणी फार लागतं, आणि ते अगदी निर्मळ लागतं, कारण पाण्यातली घाण थेट रक्तात जायची भीती. वॉर्डाच्या मागे पाणी गाळायचा संच आहे. त्यातल्या गाळण्या ठरावीक दिवसांनी बदलायच्या असतात. त्या बदलल्या नाहीत की खुर्चीतल्या माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि एखाद्याचं तेवढ्यावर निभावत नाही.

सासूबाईंना हुडहुडी भरत होती. त्या घरी बोलल्या नाहीत. पण सोबत कधी बायको जायची, कधी मी, त्यामुळे आमच्यापासून ते लपलं नाही. दात वाजायचे, हात धरला तर आपलाही हात हलायचा. सासरे कधी सोबत गेले नव्हते. त्यांना इस्पितळाचा वास सोसत नाही. शिवाय वरून फोन कधी येईल सांगता येत नाही.

बायकोनं शोध घेतला. गाळण्यांचं कंत्राट महापौरांच्या मेव्हण्याकडे होतं. बिलं वेळेवर निघत होती आणि गाळण्या मात्र कुणी पाहिल्या नव्हत्या. तिनं बातमी लिहिली. ती चढायची कशी? तर बायको तयार आहे. तिनं मथळा दिला, 'डायलिसिसच्या रुग्णांनी काय काळजी घ्यावी?' आणि बातमी आरोग्य सदरात सरकवली. संपादक आरोग्य सदर वाचत नाहीत. तिथे बहुतेक कोमट पाण्याचे फायदे असतात.

बेत सरळ होता. बातमी सकाळी चढायची. मथळा वाचून रुग्णांचे नातेवाईकच ती आधी उघडणार. ते इस्पितळात जाऊन आरडाओरडा करणार आणि दुपारच्या पाळीआधी गाळण्या बदलून घेणार. दुपारची पाळी म्हणजे सासूबाईंची. पाळी चुकवून घरी बसावं म्हटलं तर तीही सोय नाही. रक्त धुतलं नाही तर आठवडाभरात माणूस संपू शकतो. तेव्हा ते पाणी चांगलं करून घेणं एवढाच मार्ग होता.

बातमी चढली. लोकांनी उघडायला सुरुवात केली. आणि मेव्हण्यानंही उघडली. विनंती निघाली ती मालकांमार्फत संपादकांकडे आली. संपादक त्या दिवशी एका परिसंवादाला निघाले होते, विषय सांगायची गरज नाही. त्यांनी गाडीतूनच नंबर सांगितला आणि सासऱ्यांनी चहा यायच्या आत बातमी झोपवली.

पुढचं मला बायकोनं सांगितलं. ती सासऱ्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, सकाळी कुठली झोपवलीत?"

"होती एक. आरोग्यातली."

"वाचलीत?"

"मी वाचत नाही, तुला माहीत आहे."

"आज वाचा."

"अगं, आपलं ठरलंय ना, कचेरी आणि घर..."

"बाबा, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काय असतं ते कळेल. वाचा." एवढं बोलून ती इस्पितळात निघून गेली.

थोड्या वेळानं माझ्या दुकानात फोन वाजला. सासऱ्यांचा आवाज पडलेला होता. "जावईबापू, टीव्हीखालच्या खणातला चष्मा जरा आणून द्याल का? अक्षरं लहान आहेत."

मला खरं सांगायचं तर त्यांचा संताप आला होता. म्हणावं, शेजारच्या टेबलावरच्याकडून वाचून घ्या, नाहीतर नंबरच लावा डोळ्यांना. पण गेलो. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून गेलो.

त्यांची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. जिन्याखालची, खिडकी नसलेली. एक टेबल, एक संगणक, एक फोन, भिंतीवर वर्तमानपत्राचं जुनं ब्रीदवाक्य चौकटीत लावलेलं आणि चौकटीवर बोटभर धूळ. झोपलेली बातमी फक्त त्यांच्या पडद्यावर दिसत होती. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. सवय गेलेला माणूस जसा वाचतो तसं, ओठ हलवत. गाळण्या झाल्या, कंत्राट झालं, मेव्हणा झाला. चेहरा कोराच. मी मनात म्हटलं, या माणसाच्या अंगाला काही लागत नाही.

मग बोट थांबलं. तिथे बायकोनं एका रुग्ण बाईचं म्हणणं दिलं होतं, नाव न देता. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'खुर्चीत बसलं की थोड्या वेळानं हुडहुडी भरते. दात वाजतात. मी घरी सांगत नाही. आमचे हे पेपरात आहेत. दिवसभर जगातली सगळी वाईट बातमी त्यांना वाचावी लागते. घरी आल्यावर त्यात आणखी माझी कशाला?'

सासऱ्यांनी ते परत वाचलं. मग चष्मा काढून हातात धरला.

"हिला हुडहुडी भरते?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"लिहून दिलं होतं की," मी म्हणालो. "तुम्ही झोपवलंत."

हे मी फार क्रूरपणे बोललो आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. त्यांनी मान खाली घातली. डोळे पुसले असतील, मी पाहिलं नाही, कारण मी मुद्दाम भिंतीकडे बघत होतो. मग ते पुढे सरकले आणि बटण शोधू लागले. झोपवायचं बटण त्यांना डोळे मिटून सापडलं असतं. उठवायचं कुठे आहे ते माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याला कधी हात लागला नव्हता. शेवटी ते पडद्याच्या कोपऱ्यात सापडलं आणि बातमी पुन्हा शहरभर दिसू लागली.

फोन आला. संपादक परिसंवादातूनच बोलत असणार, कारण मागे कुणीतरी लोकशाहीच्या चार खांबांबद्दल सांगत होतं आणि हे कुजबुजत होते.

"अहो, ती अजून दिसतेय."

"हो साहेब. मी वाचतोय."

"काय करताय?"

"वाचतोय. जरा वेळ लागतोय, सवय नाही ना."

"तुमचं काम वाचायचं नाही."

"नव्हतं साहेब. आता सुरू केलंय. झालं की बघू."

दुसरा फोन आला तेव्हा ते दुसऱ्या परिच्छेदावर होते, म्हणजे असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात पडद्याकडे पाठ करून बसले होते. पुढचा फोन खुद्द मालकांचा. आवाज ऐकताच सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. उभ्यानंच बोलले. "हो साहेब. नक्की साहेब. आपली आज्ञा साहेब. फक्त वाचून होऊ द्या." माझे सासरे शूर नव्हते हे मी पैजेवर सांगतो. सभेत उभं करून कुणी घोषणा द्यायला सांगितली असती तर ते पळून गेले असते. त्यांनी फक्त एवढंच केलं की हळू वाचलं.

मालकांनी मग वेबसाइट बांधणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथे एक मंजुळ बाई म्हणाली की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, आणि संगीत लावून दिलं. ज्यांच्या एका फोनवर शहर झोपायचं त्या मालकांना दुपारभर सनई ऐकावी लागली, हे मला फार आवडलं.

इस्पितळात तोवर माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर तीच बातमी. अधीक्षक आधी रजेवर होते, मग बैठकीत होते, आणि माणसं वाढल्यावर खोलीतच निघाले. गाळण्याही निघाल्या. कंत्राटदाराच्या गोदामात खोकी न उघडता पडून होती. टेम्पो आला, टाक्या धुतल्या, गाळण्या बसल्या. दुपारची पाळी उशिरा सुरू झाली. बायकोनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "आई शांत बसलीये. हात हलत नाहीये." मी तोवर दुकानात परतलो होतो, तिथेच खाली बसलो.

संध्याकाळी कंपनीनं बातमी झोपवली. सासऱ्यांना दुसऱ्या दिवशीपासून न येण्याची विनंती झाली. आणि सकाळी वेबसाइटच्या पहिल्या पानावर काय, तर 'आमच्या दणक्यानं रुग्णांना शुद्ध पाणी'. खाली संपादकांचा लेख, निर्भीड परंपरेबद्दल. त्यातच लिहिलं होतं, मूळ बातमी येथे वाचा. तिथे बोट लावलं की पान सापडत नव्हतं. बायकोची बदली हवामानावर झाली. उद्या ढगाळ राहील, एवढं तिनं लिहिलं तरी आता संपादक ते स्वतः वाचून बघतात.

सासूबाईंच्या पुढच्या पाळीला सासरे सोबत आले. इस्पितळाचा वास तोच होता, पण त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. वॉर्डात बातमी पसरली होती की ती बातमी यांनी दिवसभर उतरू दिली नाही. कुणी हात हातात घेतला, कुणी बसायला जागा दिली, एका म्हाताऱ्या बाईंनी तर नमस्कार केला. सासरे नको नको म्हणत होते, पण मला कळत होतं की त्यांना ते गोड लागतंय. पाठ जरा ताठ झाली होती.

खुर्चीत नळ्या लावून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही ती पूर्ण वाचलीत म्हणे?"

"वाचली."

"आणि रोजच्या बाकीच्या?"

सासरे पांघरुणाची घडी करत राहिले. "नाही. एकही नाही."

सासूबाईंनी पांघरूण आपल्याकडे ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी उगीचच तुमची कीव करत होते." आणि डोळे मिटून घेतले. त्या रागावल्या असत्या तर सासऱ्यांना बरं वाटलं असतं.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. शेजारी साधारण माझ्या वयाचा एक माणूस होता. त्याच्या आईची पाळी चालू होती. त्यानं सासऱ्यांना ओळखलं आणि तोही हात पुढे करून म्हणाला, "फार उपकार झाले, काका. गेल्या वर्षी पण तुमच्याच पेपरात अशीच बातमी आली होती, याच पाण्याची. तेव्हा माझा भाऊ इथे यायचा. माझ्या बायकोनं सकाळी वाचली. म्हणाली, त्यांना दुसरीकडे न्या, कर्ज काढू. दुपारी भावाला दाखवायला उघडली तर बातमीच नाही. आम्हाला वाटलं, खोटी निघाली असेल म्हणून काढली. इतकं मोठं वर्तमानपत्र, उगीच कशाला काढतील? म्हणून त्याला इथंच आणत राहिलो. महिन्याभरात गेला."

सासऱ्यांचा हात अजून त्याच्या हातात होता. मला वाटलं, आता हे मान हलवतील, अरेरे म्हणतील आणि विषय बदलतील. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं, आणि त्या माणसाला कधी कळलंही नसतं. मी तर उकाड्याचा विषय काढायच्या बेतात होतो.

"ती मी काढली," सासरे म्हणाले.

त्या माणसाला आधी समजलं नाही. "म्हणजे?"

"काढायचं काम माझ्याकडे होतं. खोटी होती म्हणून नाही काढली. खरी की खोटी मला माहीत नव्हतं. मी वाचलीच नव्हती."

आता तो ओरडेल, कॉलर धरेल म्हणून मी अर्धवट उठलो. त्यानं फक्त आपला हात सोडवून घेतला, पायाशी ठेवलेली आईची पिशवी उचलली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसला. सासूबाईंची पाळी संपायला अजून तीन तास होते, आणि त्या व्हरांड्याशिवाय बसायला दुसरी जागा नव्हती.